टोमॅटोची परागीभवन कांडी: कोल्हापूरच्या हवेत कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

झाड फुलांनी भरलेलं असतं आणि आठ दिवसांनी बघावं तर कुंडीच्या मातीवर वाळकी फुलं पडलेली. पडलेलं फूल उचलून बघा. देठाच्या मधोमध एक बारीक गाठ असते, ती पिवळी होऊन फूल बरोबर तिथूनच निसटलेलं दिसेल. परागकण जागेवर पोचले नाहीत की झाड त्या गाठीतून फूल सोडून देतं. बंद गॅलरी, पांढऱ्या जाळीचा मांडव, पॉलिहाऊस, जिथं वारा कमी तिथं हे जास्त होतं. त्यावर इलाज म्हणून ऑनलाइन बॅटरीवर थरथरणारी एक कांडी विकली जाते. कुणी तिला पॉलिनेटर म्हणतं, कुणी व्हायब्रेटर. हा तिचाच रिव्ह्यू.

आधी निकाल सांगतो. वारा पोचत नाही अशा ठिकाणी वीस-पंचवीस झाडं असतील तर ही वस्तू किंवा तिचं काम करणारा बॅटरीचा टूथब्रश जरूर घ्या. रंकाळ्याच्या अंगानं किंवा पंचगंगेकडून वारं वाहणारी उघडी गच्ची असेल तर खर्च करू नका. झाड ज्या सुतळीला बांधलंय तिला सकाळी अकराच्या सुमारास बोटानं दोन-चार टिचक्या मारल्या की तेवढंच काम होतं.

असं का, ते फुलाच्या घडणीवरून कळतं. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. मधली पिवळी चोच म्हणजे पाच-सहा परागकोश एकमेकांना चिकटून झालेली नळी. परागकण बाहेरच्या बाजूला सुटत नाहीत, नळीच्या आत सुटतात. मादीचं टोक, म्हणजे कुक्षी, त्याच नळीत किंवा तिच्या तोंडाशी असते. फूल खाली मान घालून लोंबतं, म्हणून नळी हादरली की पराग मिठासारखे आतून झरतात आणि वाटेत कुक्षीला चिकटतात. फुलाला एवढा हादराच हवा असतो. मोकळ्या रानात वारा तो देतो, आणि भुंगाही. लाकूड पोखरणारा काळा भुंगा फुलाला लटकून पंख न हलवता अंग थरथरवतो, तो गुणगुणाट लांबूनही ऐकू येतो. मधमाशीला हे जमत नाही. शिवाय टोमॅटोच्या फुलात मध नसतो, त्यामुळं ती फारशी फिरकतही नाही. पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोसाठी सातेरी किंवा मेलीफेरा या मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा विचार असेल तर तो सोडा, त्या पेट्या काकडीला आणि कलिंगडाला उपयोगी. युरोपातल्या हरितगृहांत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बंबलबीच्या, म्हणजे भुंग्यासारख्याच थरथरणाऱ्या केसाळ माशीच्या, पेट्या ठेवतात. ती माशी आपल्या पठारावरची नाही, हिमालयात आढळते. म्हणून आपल्याकडं हे काम हातानं करायचं.

रंगकामाचा बारीक ब्रश घेऊन फुलाच्या तोंडावर फिरवणारे बरेच जण आहेत. काकडी, दोडका, भोपळा यांना ती पद्धत बरोबर, कारण तिथं नर फूल आणि मादी फूल वेगळं असतं. टोमॅटोत पराग नळीच्या आत बंद असल्यामुळं बाहेरून ब्रश फिरवून काही निघत नाही. देऊळगाव राजाच्या भागात संकरित बी तयार करताना परागकोश चिमट्यानं काढून दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीला लावतात. ते बियाण्याचं काम झालं. खायच्या टोमॅटोला त्याची गरज नाही.

आता कांडी. बिनानावाच्या बहुतेक कांड्यांची घडण सारखीच असते. पोकळ प्लॅस्टिकचा दांडा, त्यात दोन पेन्सिल सेल, पुढच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी मोटर, मोटरच्या दांडीवर एका बाजूला जड असलेला अर्धचंद्रासारखा धातूचा तुकडा, आणि पुढं आठ-दहा सेंटीमीटर स्टीलची तार. तारेचं टोक गोल वळवलेलं किंवा बेचकीसारखं. अर्धचंद्र एका बाजूनं जड असल्यामुळं मोटर फिरताना सगळी कांडी थरथरते. मोबाईल व्हायब्रेट होतो त्यातही हीच युक्ती असते.

जाहिरातीत 'मधमाशीसारखी कंपनं' असं छापलेलं असतं. ते तपासणं सोपं आहे. बंबलबीचा थरथराट सेकंदाला साधारण २०० ते ४०० आवर्तनांचा असतो. मिनिटाला ९,००० फेरे घेणारी मोटर सेकंदाला १५० आवर्तनंच देते. घरात बाजाची पेटी असेल तर कानानं ओळखता येतं. मधल्या सप्तकातली पांढरी एक ही पट्टी म्हणजे सेकंदाला सुमारे २६१ आवर्तनं, आणि खर्जातली पांढरी दोन म्हणजे सुमारे १४७. कांडी सुरू करून पेटीजवळ धरा. स्वस्त कांडीचा सूर खर्जात लागतो, चांगल्या सोनिक टूथब्रशचा पांढरी एकच्या आसपास. पेटी नसेल तर मोबाईलमधलं सूर जुळवायचं ॲप हेच सांगतं. देवल क्लबसारखी संगीत संस्था असलेल्या गावात याला अडचण नसावी.

पण सूर खालचा लागला म्हणून कांडी टाकून देऊ नका. पराग सुटणं आवर्तनांच्या आकड्यापेक्षा हेलकाव्याच्या जोरावर जास्त अवलंबून असतं. दीडशे आवर्तनांची पण दणकून हलणारी कांडी फुलातून भरपूर पराग काढते. अडीचशेची पण मुळूमुळू हलणारी काढत नाही. म्हणून घेताना आकडा वाचण्यापेक्षा कांडी हातात धरून बघा. तारेचं टोक नखाला टेकवल्यावर नख झिणझिणलं पाहिजे.

हा जोर सेलवर ठरतो, आणि तक्रारी मुख्यतः इथूनच येतात. साधे अल्कलाइन सेल प्रत्येकी १.५ व्होल्टचे, दोन मिळून ३. चार्ज होणारे सेल प्रत्येकी १.२ चे, दोन मिळून २.४. व्होल्टेज पाचव्या हिश्शानं कमी झालं की मोटरचा वेगही जवळपास तेवढाच कमी होतो. पण थरथरीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळं तो साधारण दोन तृतीयांशावर येतो. कांडी चालू दिसते, आवाज येतो, पराग मात्र पडत नाहीत. जुने झालेले अल्कलाइन सेलही असेच फसवतात. घड्याळाला चालतील असे सेल कांडीला चालत नाहीत. कांडीला नवी जोडी घाला आणि तिच्यातून निघालेली भिंतीवरच्या घड्याळाला द्या.

दुसरा बिघाड अर्धचंद्राचा. तो मोटरच्या दांडीवर नुसता दाबून बसवलेला असतो आणि काही आठवड्यांत सैल होतो. मग मोटर नेहमीपेक्षा वरच्या सुरात गरगरते, कांडी मात्र थरथरत नाही. पुढची टोपी काढून अर्धचंद्र जागेवर बसवा आणि टाचणीच्या टोकानं सुपर ग्लूचा एक थेंब लावा. थेंब मोटरच्या आत, दांडी जिथून बाहेर येते तिथं गेला तर मोटर कायमची जाम होईल. म्हणून कांडी टोक खाली करून धरा, अर्धा तास तशीच लटकवून ठेवा.

तिसरा बिघाड वायरीचा. सतत थरथरणाऱ्या वस्तूत मोटरच्या पायाशी दिलेला डाख तुटणारच. मोबाईल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात तो पाच मिनिटांत देऊन मिळतो, उद्यमनगरात ओळख असेल तर विचारायलाच नको. डाख दिल्यावर वायरीच्या मुळाशी ग्लू गनचा एक थेंब टाकून घ्या, म्हणजे थरथर डाखावर न येता ग्लूवर जाते. विकत आणल्या आणल्या हे करून ठेवलं तर कांडीचं आयुष्य नक्की वाढतं. चौथा त्रास, सेलची स्प्रिंग थरथरीनं सुटते आणि कांडी मधेच बंद पडते. सेलच्या बुडाशी दुमडलेल्या ॲल्युमिनियम फॉइलची घडी घातली की भागतं.

पाणी मात्र या कांडीला अजिबात सोसत नाही. दांड्याला रबराचा वायसर नसतो. पॉलिहाऊसमध्ये पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर चालू असताना वापरली की सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तो पॉलिश पेपरनं घासून काढता येतो, पण दर महिन्याला हेच करत बसावं लागतं. इथं टूथब्रश तिच्यावर स्पष्ट मात करतो.

मेडिकल दुकानात मिळणारा बॅटरीचा साधा टूथब्रश तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो, चार्जिंगचा सोनिक ब्रश हजाराच्या पुढं. दोन्ही ओल्या हातानं वापरण्यासाठीच बनवलेले असतात. सोनिक ब्रशच्या खोक्यावर मिनिटाला ३१,००० स्ट्रोक लिहिलेले असतील तर जाणं आणि येणं मिळून एक आवर्तन धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे २६० आवर्तनं झाली. बंबलबीच्या पट्ट्यात बसणारा आकडा. गोल डोक्याचा, मागं-पुढं फिरणारा ब्रश असेल तर केसांची बाजू फुलांजवळ नेऊच नका. टोमॅटोच्या देठावरची लव त्यात अडकते आणि देठ पिरगळतो. ब्रशचं डोकं उलटं करून त्याची पाठ देठाला टेकवायची. सोनिक ब्रशचे केस नेलकटरनं मुळातून कापून टाका आणि डोक्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी एकच वेढा देऊन चिकटवा. एका वेढ्यानं देठ सोलवटत नाही. दोन-तीन वेढे दिले तर रबरच थरथर पिऊन टाकतं.

सोनिक ब्रशची एकच खोड त्रासदायक आहे. तो दात घासण्याच्या हिशेबानं दर ३० सेकंदांना क्षणभर थांबतो आणि दोन मिनिटांनी आपोआप बंद होतो. ओळीत काम करताना पुन्हा पुन्हा बटण दाबावं लागतं. पंचवीस झाडांना ते चालून जातं. मोठ्या पॉलिहाऊसमध्ये हात वैतागतो, तिथं लांब तारेची कांडी बरी. घरच्या वापरासाठी आमची पसंती साध्या बॅटरीच्या टूथब्रशला. स्वस्त आहे, पाणी सोसतो, सेल कुठंही मिळतात.

वस्तू कुठलीही घ्या, ती कुठं टेकवता यावर सगळं ठरतं. फुलाला टेकवायची नाही. फुलाच्या आत पुढं फळ होणारा दाणा असतो, त्याला तारेचा मार बसला तर मोठ्या फळावर खडबडीत तपकिरी डाग राहतो. झाडाच्या मुख्य खोडाला टेकवली तर थरथर खोडातच मुरते. खोडापासून निघून फुलांच्या घोसाला धरणारा जो मुख्य देठ असतो, त्यावर, पहिल्या फुलाच्या बोटभर अलीकडं, खालच्या बाजूनं अलगद टेकवायची. एक ते दोन सेकंद पुरे. दाबायचं नाही. दाबलं की मोटर मंदावते आणि जोर जातो. चेरी टोमॅटोचा घोस लांब असतो, पंधरा-वीस फुलांचा, त्याला दोन ठिकाणी टेकवा.

पराग पडतात की नाही हे डोळ्यांनी बघता येतं, आणि पहिल्या दिवशी ते बघाच. लहान मुलांची काळी पाटी कोरडी पुसून घोसाखाली धरा. कांडी टेकवल्याबरोबर फिकट पिवळी पूड पाटीवर उतरली पाहिजे. उन्हाच्या तिरपीत धरलं तर हवेत तिचा बारीक धूर दिसतो. पूड दिसली तर कांडी, जागा आणि वेळ तिन्ही बरोबर. नाही दिसली तर आधी वेळ बदला, मग सेल बदला, कांडीला दोष त्यानंतर.

वेळ सकाळी दहा ते दुपारी एक. भल्या सकाळी दव आणि दमटपणामुळं पराग ओले असतात. फूलही कामाला तयार असावं लागतं. पाकळ्या पूर्ण उलगडून मागं वळलेल्या आणि रंगानं गडद पिवळ्या, हे तयार फूल. अर्धवट मिटलेल्या, हिरवट पाकळ्यांच्या फुलात पराग सुटलेले नसतात. फूल साधारण दोन दिवस कामाचं राहतं आणि एका घोसातली फुलं एकदम उमलत नाहीत, म्हणून दिवसाआड फेरी मारायची. रोज मारली तर नुकसान नाही, फारसा फायदाही नाही. आठवड्यातून एकदाच मारली तर निम्म्याहून जास्त फुलं हातची जातात.

कोल्हापूरच्या हवेचा विचार इथं वेगळा करायला हवा, कारण परदेशी माहितीपत्रकात तो नसतो. परागांना ५० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथं हवा कितीतरी दिवस ८० च्या वर असते. त्या हवेत पराग नळीच्या आतच गोळा होऊन चिकटतात, कांडी कितीही चांगली असली तरी पाटीवर काही पडत नाही. पावसाळ्यात या कांड्यांना नावं ठेवली जातात, तो दोष कांडीचा नसतो. पावसाळी दिवसात घड्याळाकडं न बघता उघडीप बघायची. ऊन पडल्यावर तासभर थांबा, पॉलिहाऊस असेल तर बाजूचे पडदे आधी वर करा, मग फेरी मारा. ओल्या फुलांना कांडी लावू नका, ओली पाकळी फळाला चिकटून तिथं बुरशी धरते. वळवाच्या दिवसांतही हाच नियम: संध्याकाळी वळीव झाला तर दुसऱ्या दिवशीची फेरी साडेअकरानंतर.

मार्च ते मेमधलं दुखणं निराळं. टोमॅटोला दिवसा २१ ते २७ आणि रात्री १५ ते २० अंश मानवतं. दिवसा ३२ च्या वर आणि रात्री २१ च्या वर सलग गेलं की परागांची ताकद घटते. एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात ३६-३७ सहज होतं, त्यामुळं त्या दिवसांत फेरी दहाच्या आतबाहेर उरकायची. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते, ती भिंगातून बघण्यासारखी आहे. पिवळ्या चोचीच्या टोकातून एक हिरवट बारीक दांडी मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर डोकावते. ती कुक्षी. उष्णतेत तिचा दांडा लांबतो आणि ती नळीबाहेर येते. मग नळीतून झरणारे पराग तिच्या बाजूनं खाली निघून जातात. अशा फुलांना नुसती थरथर कमी पडते.

त्यासाठी चमच्याची पद्धत वापरा. स्टीलचा चमचा पूर्ण कोरडा करून घ्या. कुक्षी आत असलेली पाच-सहा चांगली फुलं शोधा, चमचा त्यांच्या तोंडाखाली धरून कांडी टेकवा, चमच्यात चिमूटभराहूनही कमी पिवळी पूड साठेल. तेवढी पुष्कळ झाली. मग बाहेर डोकावणारी कुक्षी असलेलं एकेक फूल चमच्यावर टेकवून टोक पुडीत बुडवा. टोकावर पिवळा ठिपका दिसला की झालं. पूड त्याच दिवशी, सावलीत ठेवून वापरायची. काम किचकट आहे, पण मोठ्या फळाच्या जातीची चार-पाच झाडं असतील तर उन्हाळ्यात यानंच फळ धरतं. शेजारी चेरी टोमॅटो असेल तर पराग त्याचे घेतले तरी चालतात. फळ मूळ झाडाच्या जातीचंच येतं, फरक पडतो तो फक्त त्याच्या बियांत. दुपारचं ऊन तोडायला ३५ ते ५० टक्क्यांची शेडनेट वरून टाकली तर या कामाची वेळच कमी येते.

थंडीत कोल्हापूर टोमॅटोला बऱ्यापैकी मानवतं. डिसेंबर-जानेवारीत एखादा आठवडा रात्रीचा पारा १३ च्या खाली गेला तर पराग नीट तयार होत नाहीत, आणि त्या दिवसांत लागलेली काही फळं वाकडीतिकडी, बुडाशी सुरकुत्या आणि चिरा घेऊन येतात. कांडीचा त्यात दोष नाही, उपायही नाही. ती फळं लहान असतानाच काढून टाका.

पॉलिहाऊसवाल्यांसाठी हिशेब थोडा लांबतो. दहा गुंठ्यांत सुमारे अडीच हजार झाडं बसतात. एका झाडावर कांडी टेकवून पुढच्या झाडाशी जायला चार सेकंद धरले तरी पावणेतीन तास लागतात. म्हणजे दहाला सुरू करून पाऊणच्या सुमारास एका माणसाची एक फेरी पुरी होते, कामाची वेळ नेमकी तेवढीच. वीस गुंठे असतील तर दोन कांड्या आणि दोन माणसं लागतात, एका माणसाकडून दुपारी तीनपर्यंत ओढून काम होत नाही. कांडी घेताना मोटर टोकाशी आणि सेलचा डबा कमरेला अडकवता येईल अशी वायरवाली घ्या. तीन तास दोन सेलचं वजन मनगटावर घेऊन हात वर धरायचा म्हणजे दुसऱ्या दिवशी मजूर येत नाही.

वरच्या तारेला काठीनं ठोकत जाणं हा त्याला स्वस्त पर्याय. एका ठोक्यात दहा-बारा झाडं हलतात. कोरड्या हवेत त्यानं बरंच काम होतं, दमट हवेत ठोका कमी पडतो. पाठीवरचा ब्लोअर रिकामा, कमी वेगात फिरवणारेही आहेत. त्यानं फुलं हलतात, पण भुरीचे, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीचे, कणही एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उडतात. भुरी दिसत असेल तर ब्लोअर बाहेरच ठेवा. थंडीतल्या कोरड्या दिवसांत तार ठोकणं आणि बाकीच्या दिवसांत कांडी, अशी वाटणी केली तर मजुरी वाचते. ४० मेशच्या जाळीतल्या झाडांनाही हेच लागू, कारण ती जाळी पांढरी माशी अडवते तसा वाराही अडवते.

एका गोष्टीकडं बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, ती म्हणजे कांडीचं टोक. ते हजार झाडांना शिवत जातं. टोमॅटोवरचे मोझॅक विषाणू स्पर्शानंच पसरतात. पानं चट्टेरी, आखडलेली दिसणारं झाड असेल तर त्याला कांडी लावायचीच नाही. दर ओळीनंतर टोक साबणाच्या पाण्यात पुसा, फेरी संपल्यावर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात मिनिटभर बुडवा, मग साध्या पाण्यानं पुसून कोरडं करा, नाहीतर तार गंजते. आणि तंबाखूची निपाणी शेजारी असलेल्या आपल्या भागात हे स्पष्ट सांगायला हवं: तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोच्या झाडाला शिवू नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळल्या पानातही टिकतो आणि टोमॅटोवर उतरतो. मजुरांना राग येईल म्हणून हे सांगायचं टाळू नका, ओळीच्या तोंडाशी साबण आणि पाण्याची बादली ठेवा.

कांडीनं न सुटणाऱ्या अडचणीही आहेत. युरिया जास्त झाला की झाड पानांवर जातं, खोड अंगठ्यापेक्षा जाड होतं आणि फुलं कमी, दुबळी येतात. फुलांत फुलकिडे असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त. बारा इंचाहून लहान कुंडीत दुपारी माती कोरडी पडत असेल तर परागीभवन होऊनही वाटाण्याएवढं फळ गळतं. बोरॉनची कमतरता असेल तर २० टक्के बोरॉन लिटरला जास्तीत जास्त १ ग्रॅम, फुलं लागताना एकदा फवारा. दोनदा-तीनदा मारून उलटा परिणाम होतो, पानांच्या कडा जळतात. फुलावर संप्रेरक फवारून फळ धरवण्याचा सोपा उपायही सुचवला जातो. त्यानं परागाशिवाय फळ धरतं खरं, पण कापल्यावर आत पोकळ, बिया नाहीत, गर कमी. पराग जितके जास्त पोचतात तितक्या बिया जास्त, आणि बिया जास्त तितकं फळ भरदार. मार्केट यार्डात वजनावर विकायचं असेल तर पोकळ फळ परवडत नाही.

कांडीचा उपयोग होतोय का, याचा पडताळा घरच्या घरी घ्या. एकाच झाडावरच्या दोन घोसांना लाल लोकरीचा धागा बांधा आणि त्यांना कांडी लावू नका. बाकीच्यांना लावा. पाकळ्या वाळल्यावर पाच-सात दिवसांनी बघा. फळ धरलेल्या फुलाची देठावरची गाठ हिरवी आणि टणक असते, वाळक्या पाकळ्यांच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा मणी दिसतो. धाग्याच्या घोसांत आणि बाकीच्यांत फरकच नसेल तर तुमच्या जागेला वारा पुरेसा आहे, कांडी ठेवून द्या किंवा गरज असलेल्याला द्या. फरक असेल तर मोठ्या फळाच्या जातीत घोसाला चार-पाच फळं ठेवून शेंड्याकडची बारीक फुलं खुडा, नाहीतर सगळीच फळं लिंबाएवढी राहतील.

शेजारी वांगी असतील तर कांडी त्यांनाही लावा. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक भोक असतं आणि थरथरीनं पराग तिथून बाहेर पडतात, त्यामुळं जाळीतल्या वांग्याला तिचा चांगला उपयोग होतो. हंगाम संपल्यावर सेल काढून कांडी पिशवीत ठेवा. आत विसरलेले सेल पावसाळ्यात फुटतात आणि त्यातलं पाणी मोटरपर्यंत गेलं की दुरुस्ती होत नाही.